अबू अनादचा आकडा

मीठ कमी पडलं, तर जमीदचा, मेंढीच्या खारवलेल्या दह्याचा, गोळा वाळताना मधोमध तडकतो. वरून पांढरा, टणक दिसतो. आत बुरशी धरते.

*

ज्याला गरज असते तो त्याच दिवशी उत्तर देतो. म्हणून त्याच दिवशी उत्तर द्यायचं नाही.

*

मर्जच्या उतारावर एका तळमजल्याच्या घराला निळं लोखंडी दार आहे. दोन खोल्या, मागे हातभर अंगण, अंगणात लिंबाचं झाड. दारावर खडूने ‘विकणे आहे’ लिहिलेलं. पाऊस पडला की ते पुसलं जातं आणि कुणीतरी पुन्हा लिहितं.

*

“याहून कमी हवं असेल तर मेंढीला विचार.” हे उम्म अनादचं वाक्य. दर वर्षी, जमीद घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याला.

*

अकबाच्या रस्त्यावर वाळू उठली की पुढचा ट्रक दिसत नाही. त्याचे दिवेही दिसत नाहीत.

*

पाहुण्याने कॉफीचा कप हातात घेतला, पण ओठाला न लावता समोर ठेवला, की बैठकीत कुणी खोकतसुद्धा नाही.

*

“मला माहीत आहे,” अबू अनाद फोनवर म्हणाले. उभे राहून. सैन्यात आयुष्यभर पाण्याचा टँकर चालवलेला माणूस. फोनवर कुणी वजनदार आलं की अजूनही उठून उभा राहतो. “होय शेख. माहीत आहे की. घर तुमचंच आहे. शुक्रवारी, नमाजनंतर. या, या.”

फोन ठेवला आणि ते उभेच राहिले.

“कोण होतं?” उम्म अनादने विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत दह्यात होते.

“शेख मिफ्लेह. जाहा घेऊन येताहेत. आपल्याकडे.”

“कशासाठी?”

“म्हणाले, तुला माहीतच आहे.”

“मग?”

“मी म्हणालो, माहीत आहे.”

“आणि माहीत आहे?”

“नाही.”

“अरे भल्या माणसा, विचारायचं ना मग.”

“शेख मिफ्लेहना? काय विचारू? शेख, माझ्या घरात काय चाललंय ते जरा मला सांगता का, असं?”

उम्म अनादने हात दह्यातून काढले, पण पुसले नाहीत. पांढरे थेंब फरशीवर पडत राहिले.

करकमध्ये जाहा दोनच कारणांनी येते, मुलीसाठी किंवा रक्तासाठी. गावातली मोठी माणसं एकत्र येऊन दारात उभी राहतात. त्यांच्यातला सर्वांत मोठा कॉफीचा कप समोर ठेवतो आणि मागणी करतो. घरमालक “प्या” म्हणेपर्यंत कप तसाच. एकदा “प्या” म्हटलं की ते परत घेता येत नाही. परत घेणाऱ्याच्या घरी पुढे कुणी कॉफी पीत नाही.

आणि रक्तासाठी जाहा येते ती मेलेल्याच्या घरी येते. माफी मागायला.

“अनादला फोन लावा,” उम्म अनाद म्हणाली. मुलगा अकबाच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा.

अबू अनादने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. वाळवंटातल्या रस्त्यावर फोन लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी प्रत्येक वेळी ती बाई, तीच ती रेकॉर्ड केलेली बाई, बोलू लागली की उम्म अनाद डोळे मिटायची. गच्चीवरून टोपली घेऊन उतरलेली मुलगी, खौला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. तिला वाटलं, कुणीतरी गेलं.

मग एकदम पलीकडून आवाज आला.

“काय बाबा?”

“तू आहेस?”

“मी नाही तर कोण? मआनला थांबलोय, चहा पितोय. काय झालं?”

“काही नाही. साखर कमी घाल,” अबू अनाद म्हणाले आणि फोन ठेवून खाली बसले.

मग उम्म अनादने जिन्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू दुसरं काहीतरी होत गेली, आणि ते पाहून खौलाने टोपली खाली ठेवली.

“म्हणजे,” आई म्हणाली, “खौलासाठी येताहेत.”

*

अनाद थोरला. म्हणून बाप अबू अनाद, आई उम्म अनाद. खौलाच्या नावाने घरात कुणाला हाक मारली जात नव्हती. ती अडतीस वर्षांची होती. मुलींच्या शाळेच्या कचेरीत बसायची, दाखले टाइप करायची, उशिरा आलेल्या मुलींना चिठ्ठी द्यायची. संध्याकाळी गच्चीवर आईबरोबर मेंढीच्या दह्याचे गोळे वळायची. मिठाने तिच्या बोटांना वसंतात चिरा पडत आणि उन्हाळ्यात भरून येत.

शिवाय ती नावं विकायची.

हे घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. इंटरनेटवर दुकान थाटायचं तर पाटीला नाव लागतं. ते नाव आधी ज्याने नोंदवलं त्याचं. वर्षाला थोडे पैसे भरायचे आणि ते धरून बसायचं, कुणाला हवंसं होईपर्यंत. खौलाने अशी काही नावं धरली होती. एक जॉर्डनमधल्या फुलवाल्याला विकलं, एक आखातातल्या अत्तरवाल्याला. आलेल्या पैशातून घरात कपडे धुण्याचं यंत्र आलं. बाबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, शाळेचं जादा काम. सगळी नावं बाबांच्या नावावर होती, कारण सुरुवातीला तिच्याकडे बँकेचं कार्ड नव्हतं, बाबांच्या पेन्शनचं होतं. “इंटरनेटचं काहीतरी आहे बाबा.” “घे,” ते म्हणाले होते. नोंदणीत बाबांचं खरं नाव, सायेल, गाव करक. पत्रं यायची ती अबू अनादला. उत्तरं जायची तीही अबू अनादकडून.

सर्वांत चांगलं नाव होतं ‘जमीद’. नुसतं तेवढंच, पुढे-मागे काही नाही, शेवटी डॉट कॉम.

*

दोन पुरुषांचं बोलणं, आठ महिन्यांचं, मधली मौनं वगळून:

“बंधू, नाव विकायचं आहे का?”

“कोण विचारतंय?”

“बिशर, अम्मानहून. मी मध्यस्थ आहे. माझं गिऱ्हाईक साधा माणूस आहे, त्याला छंद आहे. चारशे दिनार देईल.”

“छंद स्वस्तात करावेत. माझं नाव त्यात बसायचं नाही.”

“तुम्हीच सांगा मग.”

“मागणारा तुम्ही. तुम्हीच सांगा.”

“दोन हजार. बंधू, त्या नावावर एक पान नाही, एक चित्र नाही. पडीक जागेचे इतके कोण देतं?”

“पडीक आहे म्हणून विकायचा विचार करतोय. बांधली असती तर राहायला गेलो असतो.”

“आम्ही दुसरं नाव घेऊ. पुढे काहीतरी जोडून.”

“घ्या की. तुमचे पाहुणे आधी माझ्या दारात येतील. मी चहा पाजून तुमच्याकडे पाठवीन.”

“पाच. डब्यांची छपाई अडली आहे हो.”

इथे खौला शाळेच्या कचेरीत खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. डबे. छंद असलेल्या साध्या माणसाला डबे छापावे लागत नाहीत. ही दुधाची कंपनी होती, मोठी. तिने त्या दिवशी उत्तर दिलं नाही. त्या आठवड्यातही नाही. रोज घरी जाताना ती वळसा घालून मर्जच्या उतारावरून गेली. निळ्या दाराच्या मालकाला किंमत विचारून झाली होती. अठरा हजार. तो म्हणाला होता, “बापाला पाठव, बापाशी बोलतो.”

“अठरा हजार.”

“अबू अनाद, तुमच्या तोंडात साखर पडो, पण शुद्धीत आहात ना?”

“आहे.”

“नऊ.”

“अठरा.”

“अकरा. माझ्या सासऱ्याने मुलगी देताना एवढं ताणलं नव्हतं.”

“त्यांच्याकडे दुसरी मुलगी असेल. माझ्याकडे नाव एकच आहे.”

“काहीतरी कमी करा. माझ्यासाठी.”

“याहून कमी हवं असेल तर मेंढीला विचारा.”

खौला ही पत्रं पुन्हा पुन्हा वाचायची. तिच्याशी इतकं कुणी बोलत नसे. पण रात्री दिवा मालवला की दुसरंच डोळ्यांसमोर यायचं. आई-बाबा नाहीत. घर अनादचं. अनादची बायको वहिनीच्या आवाजात नाही, घरमालकिणीच्या आवाजात म्हणतेय, ‘आत्याच्या खोलीत धान्य ठेवू या, ती एकटीच तर असते.’ अठरा हजार हा बाजारभाव नव्हता. ती एका दाराची किंमत होती.

*

गुरुवारी सकाळी शाळेत तिने पत्र उघडलं.

‘अबू अनाद बंधू, पत्रं खूप झाली. करकच्या माणसाशी करकच्या रीतीनेच बोलावं. माझे मामा शेख मिफ्लेहना ओळखतात. उद्या नमाजनंतर तुमच्या घरी कॉफी प्यायला येतो.’

तिने ते दोनदा वाचलं. मग संगणक बंद केला, जणू त्याने ते पुसलं जाईल.

एक मुलगी चिठ्ठी मागायला आली. खौलाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला चिठ्ठीवर काय लिहितात ते आठवेना.

मग तिने लिहिलं, ‘उद्या जमणार नाही. मी गावाला जातोय.’

उत्तर लगेच आलं. ‘शेखांशी तुम्ही स्वतः बोललात, या म्हणालात. आता लाजवू नका. आकड्याचं समोरासमोर बघू.’

पत्राखाली फोन नंबर होता. शाळेच्या फोनवरून तिने तो फिरवला. “हॅलो,” बिशर म्हणाला. आवाज पातळ होता, थोडा दमलेला. तिने कल्पना केली होती त्याहून वयस्कर. “हॅलो? कोण बोलतंय?” खौलाने तोंड उघडलं. तिथे फक्त तिचा आवाज होता, बाईचा. तिने फोन ठेवला.

*

खौलाने आईला सांगायचं ठरवलेलं वाक्य:

“यम्मा, ते लोक माझ्यासाठी...”

“तुझ्यासाठीच, दुसऱ्या कुणासाठी? हा हात धर, गालिचा उलटा करू.”

“यम्मा, मी बाबांच्या नावाने...”

“बाबांच्या नावानेच तर येतात लोक. चांगलं नाव आहे त्यांचं. खिडकी राहिली बघ.”

“यम्मा, ऐक. शेख जे मागणार आहेत...”

“अगं विधुर असेल. असू दे. विधुर बरा, त्याला भांडी कुठे असतात ते माहीत असतं. लाजतेस काय या वयात?” आणि मग कपाटातून तिने तो काळा पायघोळ थोब काढला, छातीवर लाल भरतकाम असलेला, स्वतःच्या हातचा, कागदात गुंडाळून ठेवलेला. कागद पिवळा पडला होता. “बघू, खांद्यात बसतो का.”

“यम्मा...”

थोब खांद्यात बसला. आईने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि तिचे डोळे भरले. वाक्य तिथेच संपलं.

बाबांना सांगणं त्याहून अवघड. ‘बाबा, आठ महिने तुमचं नाव लावून मी परक्या पुरुषाशी बोलत होते’ हे वाक्य खौलाने मनातसुद्धा शेवटपर्यंत नेलं नाही.

आणि भीतीच्या तळाशी एक क्षुद्र आशाही होती. बिशर म्हणाला होता, आकड्याचं बघू. शेखांनी आकडा काढला, बाबांनी “अठरा” नाही तर “बारा” म्हटलं, तरी.

*

कप छोटा होता, कानाचा नव्हता, कडेला निळी रेघ. बैठकीत तो शेख मिफ्लेहच्या समोर, गालिच्यावर ठेवला होता. त्यात तळाला घोटभर कडू कॉफी.

भिंतीला लागून सगळीकडे माणसं बसली होती. पांढरे, लाल चौकड्यांचे रुमाल, काळ्या दोऱ्या, गुडघ्यांवर माळा. शाळेचे जुने मुख्याध्यापक होते. अबू अनादच्या पलटणीतला सुभेदार होता. निळ्या दाराचा मालकही होता. दाराजवळ सूट घातलेला एक बारीक माणूस, चष्मा, केस विरळ. त्याने कप हातात घेतला होता आणि इतरांचं पाहून खाली ठेवला होता. बोळातल्या पडद्यामागून खौलाने त्याला ओळखलं. तिला वाटलं, त्याने वर पाहिलं तर तोही ओळखेल.

उम्म अनाद स्वयंपाकघरात होती, कुनाफ्याच्या परातीशी. तिथल्या झरोक्यातून तिला बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त कप दिसत होता.

“अबू अनाद,” शेख म्हणाले, “आम्ही मागायला आलोय.”

“मागा, शेख.”

“तू काय आहेस हे या लोकांना माहीत आहे. पण एक गोष्ट माहीत नव्हती. मलाही नव्हती. या बिशरने सांगितली.” शेख हसले. “तू पक्का व्यापारी आहेस म्हणे. आठ महिने या अम्मानच्या माणसाला नाचवलंस.”

माणसं हसली. अबू अनादही हसले, एका क्षणाने उशिरा. त्यांची बोटं माळेवर थांबली होती.

“तुझ्याकडे इंटरनेटवरचं एक नाव आहे. जमीद. ही दुधाची कंपनी आपल्याच लोकांची, आपलाच माल साऱ्या जगात नेणार आहे. त्यांना ते नाव हवंय. मोठी गोष्ट नाही. जमीन नाही, पाणी नाही. आम्ही ते मागायला आलोय.”

अबू अनादने बिशरकडे पाहिलं, मग शेखांकडे. “मी,” ते सावकाश म्हणाले, “काय म्हणालो होतो याला?”

“अहो, काय नाही म्हणालात,” बिशर म्हणाला. त्याचा आवाज आदराचा होता. “शेवटी म्हणालात, याहून कमी हवं असेल तर मेंढीला विचारा.”

आता सगळे मोकळेपणी हसले. सुभेदाराने मांडीवर थाप मारली.

अबू अनाद हसले नाहीत. खौलाने पाहिलं, त्यांची मान हळूहळू वळली, बोळाच्या दिशेने, पडद्याकडे. पडदा हलत नव्हता. तिने श्वास रोखला होता. बापाचे डोळे कापडावर, नेमके तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर येऊन थांबले. त्या डोळ्यांत राग असता तर तिला सोपं गेलं असतं. राग नव्हता. तो माणूस घाबरला होता. जन्मभर वाट माहीत असलेल्या टँकरवाल्यासारखा, ज्याला एकदम पुढे रस्ता दिसत नाही.

आकडा विचारा, खौला मनात म्हणाली. बाबा, फक्त विचारा. म्हणा, नाव माझ्या मुलीचं आहे. म्हणा, तिला विचारतो. म्हणा काहीतरी.

निळ्या दाराचा मालक माळ फिरवत होता. मुख्याध्यापकांनी घसा साफ करायला तोंड उघडलं आणि मिटलं. कॉफीवर पातळ साय यावी तशी एक काळी चकाकी आली होती.

“कॉफी प्या, शेख,” अबू अनाद म्हणाले. “गार होतेय. मागितलंत ते तुमचं.”

“किंमत...” बिशरने सुरुवात केली.

“मागितलंत ते तुमचं,” अबू अनाद पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

शेख मिफ्लेहनी कप उचलला आणि प्याले. मग सगळ्यांचे कप एकदम उठले.

स्वयंपाकघरातून झगरूता निघाला. उंच, थरथरता, जिभेवरून उसळणारा, घराच्या भिंतींना न मावणारा आनंदाचा सूर, मुलगी दिली की आया काढतात तो. उम्म अनादने कप उचललेले पाहिले होते. एक श्वास घेऊन तिने पुन्हा सुरुवात केली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी साथ दिली, मग पलीकडच्या घरातून.

बैठकीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

“या घरात देव नेहमी आनंद ठेवो,” शेख अखेर म्हणाले.

“आमीन,” माणसं म्हणाली.

खौला स्वयंपाकघरात गेली. आईने तिला छातीशी धरलं. कुनाफ्याच्या पाकाचा, गुलाबपाण्याचा वास. “कोण आहे तो?” आई कानात म्हणाली. “तो चष्म्याचा का? बारीक आहे, पण चालेल.”

“यम्मा. ते माझ्यासाठी नव्हते आले.”

उम्म अनादने तिला दूर धरून पाहिलं. मग परातीकडे पाहिलं, वरच्या पिस्त्याकडे.

“मग हे?” ती म्हणाली.

दारात अबू अनाद उभे होते. “कुनाफा आणा,” ते म्हणाले. “पाहुणे बसलेत.”

*

दुपार उतरताना ते गच्चीवर आले. खौला थोब काढून घरच्या कपड्यांत होती, गोळ्यांवरचं फडकं बदलत होती. अबू अनाद पाण्याच्या टाकीशी, उलट्या डब्यावर बसले.

“कितीला म्हणाली होतीस?”

तिने सांगितलं.

आकडा ऐकून ते समोरच्या किल्ल्याकडे पाहत राहिले. “कशाला हवे होते?”

तिने तेही सांगितलं. निळं दार, लिंबाचं झाड.

“तो बसला होता तिथे,” ते म्हणाले. “त्या दाराचा मालक. माझ्या समोर.”

“हो.”

“मला कळलं होतं. मेंढीचं म्हणाला तेव्हाच कळलं. तुझ्या आईचं बोलणं, आणि तुझी आई लिहीत नाही.” ते थांबले. “मला वाटलं, आता मी आकडा काढला तर म्हणतील, सायेलने शेखांसमोर दुकान मांडलं. आणि तुझं नाव काढलं तर म्हणतील... मला पुढचं सुचेना, पोरी. काय म्हणतील ते सुचेना, आणि तरी भीती वाटली.”

खौलाने एक गोळा उचलला. मधोमध बारीक तडा होता. तिने तो बाजूला ठेवला.

“तुझ्याकडे ते कुलूप आहे ना,” अबू अनाद खाली पाहत म्हणाले. “त्या नावाचं. तू नाही उघडलंस, तर मला काही बोलता येणार नाही. मी बोलणार नाही.”

हे खरं होतं. एका शब्दावर होतं सगळं, आणि तो शब्द तिच्याकडे होता. तिने नाही म्हटलं की हा माणूस, हा उलट्या डब्यावर बसलेला, कॉफी पाजून शब्द फिरवणारा होईल. करकच्या कुठल्या बैठकीत कुणी त्याच्यासाठी सरकून जागा करणार नाही. त्याच्या मयतीलासुद्धा लोक उभ्या उभ्या येऊन जातील.

“वारा सुटलाय,” ती म्हणाली. “फडक्याचं ते टोक धरा.”

त्यांनी धरलं.

*

रविवारी शाळेत जाताना ती मर्जच्या उतारावरून गेली नाही. सरळ रस्ता जवळचा होता. तिला ते इतक्या दिवसांनी पहिल्यांदा जाणवलं.

कचेरीतला फोन वाजला. बिशरने नंबर जपून ठेवला होता; गुरुवारी ज्यावरून कुणी बोललं नव्हतं तो.

“नमस्कार. हा नंबर अबू अनादचा आहे का? ते नाव आमच्याकडे सरकवायला एक कोड लागतो. त्यांनी तो...”

“अबू अनाद बोलतेय,” खौला म्हणाली.

पलीकडे एका गाडीचा भोंगा, अम्मानचा.

“ती पत्रं,” तो अखेर म्हणाला, “सगळी?”

“सगळी. कागद आहे का? कोड लिहून घ्या.”

“थांबा. ऐका. परवा माझ्या मनात... आकड्याचं मी अजूनही...”

“आकडा नाही. कॉफी प्यायलात ना?”

“प्यायलो.”

“मग दिलं ते दिलं. घ्या लिहून.”

तिने एकेक अक्षर सांगितलं, सावकाश, दाखल्यावरचं नाव सांगावं तसं. मग त्याला परत वाचायला लावलं. एक अक्षर चुकलं होतं. तिने दुरुस्त केलं.

“आता बरोबर,” ती म्हणाली.

“ताई,” बिशर म्हणाला.

दारात एक मुलगी उभी होती, उशिरा आलेली. खौलाने फोन ठेवला, चिठ्ठी घेतली आणि तिचं नाव विचारलं.

*

जाहा बुधवारी ठरली. अबू अनादचा अठरा हजारांचा आकडा कंपनीने त्याआधीच्या सोमवारी मंजूर केला होता आणि बिशरला तसं कळवलं होतं. त्याने ते करकला कळवलं नव्हतं.